‘मीटिंगला जावे’ एवढं लिहून भागत नाही: सरकारी रुग्णालयांना खुलं पत्र

प्रति,
जिल्हा व उपजिल्हा रुग्णालयांतील वैद्यकीय अधीक्षक, मानसोपचारतज्ज्ञ, समाजसेवा अधीक्षक आणि वॉर्डातल्या सिस्टर

सप्रेम नमस्कार,

दारूमुळे दाखल झालेला पेशंट घरी निघतो, तेव्हा त्याच्या डिस्चार्ज कार्डावर खाली एक ओळ असते: ‘मद्यपान टाळावे. एए मीटिंगला जावे.’ एए म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांसाठी चालवलेला मदतगट. सल्ला योग्यच आहे. पण मीटिंग कुठे आहे, कोणत्या वारी, किती वाजता, तिथे गेल्यावर कोणाला भेटायचं, यातलं काहीच त्या ओळीत नसतं. ज्याच्या हाताची थरथर परवा-तेरवा थांबली, झोप अजून नीट लागत नाही आणि घरात ज्याच्या शब्दाला किंमत उरलेली नाही, त्याने हे सगळं स्वतः शोधून काढायचं, असा त्या ओळीचा अर्थ होतो. शिवाय बहुतेक मीटिंगा संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान असतात, आणि त्याची रोजची प्यायची वेळही तीच असते. त्या पहिल्या संध्याकाळी तो चौकशी करत बसणार नाही. तो नाक्यावर जाईल.

म्हणून आमची विनंती आहे की पेशंट वॉर्डात असतानाच त्याची मीटिंग शोधा आणि त्या मीटिंगमधल्या एका माणसाशी त्याचं बोलणं करून द्या. हे काम अर्ध्या तासाचं आहे. ते कसं करायचं, त्यात कुठे अडतं, हे सांगण्यासाठी हे पत्र.

आम्ही व्यसनमुक्तीच्या कामात आहोत, पण कोणत्याही गटाचे प्रतिनिधी म्हणून लिहीत नाही. एए बाहेरच्या प्रश्नांवर संस्था म्हणून मत देत नाही, हा त्यांच्या बारा परंपरांपैकी एक नियम आहे. त्यामुळे या पत्रातली मतं आमची समजावीत.

नुसता पत्ता देणं आणि माणूस जोडून देणं यातला फरक जुनाच तपासलेला आहे. १९८१ मध्ये अमेरिकेत २० जणांवर एक छोटा प्रयोग झाला. दहा जणांना नेहमीसारखी माहिती दिली: एए काय आहे, मीटिंग कुठे आणि कधी असते. उरलेल्या दहा जणांसाठी समुपदेशकाने त्यांच्यासमोरच एएच्या सदस्याला फोन लावला, दोघांचं बोलणं करून दिलं, आणि तो सदस्य त्यांना मीटिंगला घेऊन जाईल असं ठरवून दिलं. पहिल्या दहांपैकी एकही मीटिंगला पोचला नाही. दुसरे दहाच्या दहा पोचले. प्रयोग लहान आहे हे खरं, पण व्यसनमुक्तीत काम करणाऱ्या कोणालाही हा निकाल ओळखीचा वाटेल. आणि मीटिंगचा उपयोग होतो का, असं कोणी विचारलं तर वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉकरेन या संस्थेचा २०२० चा आढावा दाखवावा. २७ अभ्यास आणि दहा हजारांहून जास्त लोकांची माहिती त्यात तपासली आहे. पेशंटला पद्धतशीरपणे एएशी जोडून देणारे उपचार दारूपासून सलग दूर राहण्याच्या बाबतीत इतर मान्य उपचारांपेक्षा सरस ठरले.

आपल्याकडे उपचारांपर्यंत पोचणारेच मुळात थोडे. एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूच्या समस्येसाठी मदतीची गरज असलेले लोक सुमारे ५.७ कोटी आहेत, आणि दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकाला काहीतरी उपचार मिळाल्याची नोंद आहे. म्हणजे तुमच्या वॉर्डातल्या खाटेवर आहे तो त्या ३८ मधला एक आहे. तो तुमच्या हातून सुटला, तर पुन्हा सापडेल याची खात्री नाही.

आधी एक वैद्यकीय गोष्ट. ती तुम्हाला माहीत आहे, पण ओपीडीच्या गर्दीत निसटते. रोज भरपूर पिणाऱ्याला ओपीडीतूनच ‘आजपासून बंद कर आणि मीटिंगला जा’ असं सांगून पाठवू नये. दारू थांबल्यावर सहा-बारा तासांत थरथर आणि घाम सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. भ्रम, भास, बरळणं हे साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी येतं आणि ते जिवावर बेतू शकतं. आधी कधी फिट आलेली असेल किंवा सकाळी उठल्या उठल्या प्यावी लागत असेल, तर तो आधी डॉक्टरांचा पेशंट आहे, मीटिंग नंतर. मीटिंगमधले लोक डॉक्टर नसतात. त्यांनी ते ओळखावं अशी अपेक्षा ठेवू नका.

आता शोधायचं कसं. एएचं भारतातलं जनरल सर्व्हिस ऑफिस मुंबईत आहे आणि त्यांच्या संकेतस्थळावर गावानुसार मीटिंगांची यादी असते. मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी अनेक ग्रुप मिळून चालवलेलं इंटरग्रुप असतं, त्याची हेल्पलाइन असते. पण यादी ही फक्त सुरुवात समजावी. ग्रुप चालवणारे सगळे स्वयंसेवक असतात. सेक्रेटरी ठरावीक काळाने बदलतो, त्याच्याबरोबर फोन नंबर बदलतो, कधी जागा बदलते, आणि यादीत जुनंच राहतं. छोट्या गावात एखादा ग्रुप वर्षभर चालून बंदही पडतो. त्यामुळे यादीवर विसंबून पेशंटला पाठवायचं नाही, फोन करूनच पाठवायचं. फोन संध्याकाळी सहानंतर करा. दिवसा ही माणसं आपापल्या नोकरीवर असतात आणि सहकाऱ्यांसमोर या विषयावर बोलू शकत नाहीत. उचलला नाही तर ‘ग्रुप बंद आहे’ असं समजू नका, तासाभराने पुन्हा लावा.

एए सोडून दुसरी दारंही आहेत. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राच्या (स्थापना १९८६) पाठपुरावा मीटिंगा महाराष्ट्रात अनेक गावांत होतात. मुंबई-वसई भागात कृपा फाउंडेशनचं काम जुनं आहे. गडचिरोलीत मुक्तिपथ या दारू-तंबाखूमुक्तीच्या उपक्रमाची तालुका पातळीवरची क्लिनिकं आहेत. तुमच्या जिल्ह्यात काय चालतं याची एक वही समाजसेवा अधीक्षकांच्या टेबलावर असावी आणि दर तीन महिन्यांनी फोन करून ती तपासावी. यादी भिंतीवर चिकटवली की ती तिथेच जुनी होते. वहीत तपासल्याची तारीख लिहिता येते. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आणि १४४१६ ही टेलिमानस म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, या दोन्हींचा उपयोग रात्री-अपरात्री होतो, पण गावातल्या मीटिंगची खोली कुठली हे त्यांच्याकडून नेमकं कळेल असं धरून चालू नका.

फोनवर काय विचारायचं? या आठवड्याची मीटिंग नक्की आहे का, हा पहिला प्रश्न. मग वार आणि वेळ. मग भाषा: मुंबईत एकाच इमारतीत एका दिवशी इंग्रजी आणि दुसऱ्या दिवशी मराठी-हिंदी मीटिंग असू शकते. मग मीटिंग ओपन आहे की क्लोज्ड. ओपनला कोणीही बसू शकतं, घरचे आणि तुम्हीसुद्धा. क्लोज्ड फक्त ज्याला स्वतःची दारू थांबवायची आहे त्याच्यासाठी. हा प्रश्न विचारायचा राहिला की नेमकी बायको सोबत जाते, दारात तिला नम्रपणे थांबायला सांगतात, आणि दोघंही अपमान वाटून परत फिरतात. शेवटी विचारा: गेटवर कोण थांबेल? हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. ‘कोणीतरी असेलच’ या उत्तरावर थांबू नका. एका माणसाचं पहिलं नाव आणि त्याला ओळखायची खूण घ्या.

मग फोन पेशंटच्या हातात द्या. त्याची संमती आधी घ्या, आणि त्याचं नाव-गाव तुम्ही परस्पर सांगू नका. किती सांगायचं ते तो ठरवेल. पलीकडचा माणूस दोन मिनिटांत काय बोलेल ते आम्ही-तुम्ही अर्ध्या तासात सांगू शकत नाही. तो उपदेश करत नाही, स्वतःबद्दल बोलतो. दोघांनी आपापले नंबर घेतले की मीटिंगच्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास एक आठवणीचा फोन व्हावा, हेही तिथेच ठरवून टाका.

जागा सापडत नाही, ही तक्रार सगळ्यात जास्त येते. तिची कारणं साधी असतात. मीटिंगा बहुधा नगरपालिकेच्या शाळेत, चर्चच्या हॉलमध्ये, एखाद्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत भरतात. बाहेर पाटी असलीच तर लहान, कधी नुसती ‘एए’ ही अक्षरं, कधी वर्तुळातला त्रिकोण. ‘दारू’ हा शब्द कुठेही नसतो, कारण येणाऱ्याची ओळख जपायची असते. शाळेचं पुढचं गेट संध्याकाळी बंद असतं, मागच्या बाजूचं छोटं दार उघडं असतं. अंधारात नवखा माणूस पुढच्या गेटला कुलूप बघतो, वॉचमनला ‘इथे दारूवाल्यांची मीटिंग कुठे आहे?’ असं विचारायची त्याला लाज वाटते, आणि तो दहा मिनिटं घुटमळून निघून जातो. परीक्षा, दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी, निवडणुकीचं मतदान केंद्र, गणपतीत बंद केलेला रस्ता, किल्ली घेऊन गावाला गेलेला शिपाई, यांपैकी कशानेही त्या आठवड्याची मीटिंग दुसरीकडे हलते. जुन्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर कळतं. नव्याला कळत नाही. दुपारी चारचा फोन त्यासाठीच.

हे सगळं डिस्चार्ज कार्डावर मात्र लिहू नका. ते कार्ड रजेच्या अर्जाला जोडलं जातं, साहेबाच्या टेबलावर जातं, विम्याच्या फाइलीत जातं. वेगळी चिठ्ठी द्या. खिशात मावेल एवढी, मराठीत, मोठ्या अक्षरांत: गुरुवार संध्याकाळी ७, अमुक शाळा, मागचं दार, पहिला मजला, जिन्याच्या डावीकडची खोली, दारात निळा शर्ट घातलेले अमुक भाऊ थांबतील, बस अमुक नंबर, परतीची शेवटची गाडी अमुक वाजता. खाली दुसऱ्या मीटिंगचा वार आणि पत्ता. दोन मीटिंगा दिल्या की पहिली आवडली नाही तरी तो ‘हे आपल्यासाठी नाही’ म्हणत नाही. ग्रुपाग्रुपांत फरक असतो. एका खोलीत सगळे साठीच्या पुढचे, दुसऱ्या खोलीत रिक्षावाले आणि कंपनीतले कामगार. तीन-चार ठिकाणी बसल्याशिवाय निकाल देऊ नये, हे त्याला आधीच सांगा.

आत काय होतं हेही सांगा, कारण न जाणाऱ्यांपैकी पुष्कळांना ते माहीत नसतं आणि ते भलतंच काही कल्पून बसतात. मीटिंग साधारण तास-दीड तासाची. कोणी फॉर्म भरून घेत नाही, आधारकार्ड मागत नाही, फी नाही. सभासद व्हायला एकच अट: दारू थांबवायची इच्छा. एकजण मीटिंग चालवतो, बाकीचे पाळीपाळीने बोलतात, त्याला शेअरिंग म्हणतात. मध्ये कोणी टोकत नाही, सल्ला देत नाही. नव्याने बोललंच पाहिजे असं नाही. ‘मी आज फक्त ऐकायला आलोय’ एवढं पुरतं. शेवटी थैली किंवा डबा फिरतो, त्यात लोक दहा-वीस रुपये टाकतात. खोलीचं भाडं आणि चहा त्यातून निघतो. नव्याने टाकायची गरज नाही, आणि खिशात पैसे नाहीत म्हणून लाजायचंही कारण नाही. मीटिंग संपल्यावर लगेच निघून जायचं नाही, हे मात्र बजावून सांगा. चहाच्या त्या दहा मिनिटांत नंबर मिळतात, आणि पुढच्या आठवड्यात रात्री अकराला तलफ आली की कामाला येतात ते हे नंबर. पिऊन आलेल्यालाही गोंधळ घातला नाही तर सहसा बसू देतात. म्हणून ‘घसरलो, आता कुठल्या तोंडाने जाऊ’ असं म्हणणाऱ्यालाही पाठवाच.

चर्चच्या हॉलचं विशेष सांगावं लागतं. ‘धर्म बदलायला नेतात’ असं सासरे किंवा मोठे भाऊ म्हणतात आणि माणूस थांबतो. चर्च फक्त खोली देतं, ग्रुप तिचं भाडं देतो, एवढाच संबंध. एएच्या कार्यक्रमाच्या बारा पायऱ्या आहेत; त्यांत देवाचा उल्लेख आहे, तो ‘ज्याला जसा उमगेल तसा’ या अर्थाने. बौद्ध, मुस्लिम, नास्तिक असे सगळे तिथे बसतात. प्रार्थनेच्या वेळी गप्प उभं राहिलं तरी कोणी काही म्हणत नाही. तरीही एखाद्याला ते पटलंच नाही, तर त्याच्याशी वाद न घालता त्याला दुसऱ्या गटाचा पत्ता द्यावा.

स्त्री पेशंटबाबत जास्त काळजी घ्या. बाईला दारूसाठी मदत हवी आहे म्हटल्यावर तिला चुकून अल-अनॉनला पाठवलं जाण्याची शक्यता असते. अल-अनॉन हा पिणाऱ्याच्या घरच्यांचा गट आहे, तिथे बायका जास्त दिसतात म्हणून हा घोटाळा होतो. तिला एएच हवं, आणि वीस पुरुषांच्या खोलीत ती एकटी जाणार नाही हे उघड आहे. फोनवर थेट विचारा: स्त्रियांची मीटिंग आहे का, नसेल तर एखादी स्त्री सदस्य तिच्याशी बोलेल का? शहरात नसली तरी दुसऱ्या गावची ताई फोनवर किंवा ऑनलाइन मिळू शकते. मुक्तांगणमध्ये स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग आहे. आणि पेशंट पुरुष असेल तेव्हा त्याच्या उशाशी बसलेल्या बाईला अल-अनॉनची किंवा मुक्तांगणच्या ‘सहचरी’ गटाची वेगळी चिठ्ठी द्या. तो गेला नाही तरी तिने जावं. तिच्या जाण्याला त्याच्या परवानगीची अट नाही.

खेड्यातल्या पेशंटचं काय? मीटिंग तालुक्याला साडेसातला सुरू होते आणि शेवटची एसटी आठला सुटते, तिथे नुसता आग्रह करून काही होत नाही. पहिले ९० दिवस रोज एक मीटिंग करा असं जुने सदस्य सांगतात. मुंबईत ते जमतं. ज्याच्या टप्प्यात आठवड्याला एकच मीटिंग आहे, त्याच्या वाट्याला त्या ९० दिवसांत जेमतेम तेरा येतात. मधले दिवस फोन आणि ऑनलाइन मीटिंगांनी भरावे लागतात. रविवारी सकाळची मीटिंग कुठे आहे ते पाहा, बाजाराच्या दिवशीची पाहा. ऑनलाइन मीटिंगला घालण्याआधी त्याच्या मोबाइलवर वॉर्डातच एकदा करून दाखवा. झूमवर मोबाइलच्या मालकाचं पूर्ण नाव, कधी मुलीचं किंवा दुकानाचं नाव सगळ्यांना दिसतं. ते बदलून नुसतं पहिलं नाव ठेवायला शिकवा. कॅमेरा बंद ठेवता येतो, इअरफोन हवाच. फुकट झूमवर मीटिंग ४० मिनिटांनी तुटते, तेव्हा त्याच लिंकने परत आत जायचं, नाहीतर ‘मला काढून टाकलं’ असं त्याला वाटतं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये घालून घेण्याआधी मात्र विचार करायला सांगा, कारण तिथे नंबर आणि फोटो सगळ्यांना दिसतो.

आणखी एक धोका. ‘दारू सोडवा’ असं मोबाइलवर शोधलं की वर येतात त्या जाहिराती. काही दलालांच्या असतात. ते गाडी पाठवतात, माणसाला उचलून नेतात, महिन्याचे पैसे आगाऊ घेतात. काही जण ‘पेशंटला न कळता जेवणात मिसळायची’ पावडर विकतात. तिच्यात डायसल्फिरम हे दारूबरोबर घातक ठरणारं औषध असेल आणि माणूस त्यावर प्यायला, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. ओळखायची खूण नातेवाइकांना सांगून ठेवा: मदतगट पैसे मागत नाही, औषध देत नाही, कोणाला उचलून नेत नाही. दाखल करणारं केंद्र हवं असेल, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली त्याची नोंदणी आहे का, हे बघूनच पाठवा. दारूच्या व्यसनाशी जोडलेले मानसिक त्रास त्या कायद्याच्या व्याख्येत येतात.

मीटिंगला जायला लागल्यावर काही पेशंट गोळ्या बंद करतात. कधी एखादा जुना सदस्य ‘गोळी म्हणजेही नशाच’ असं सांगतो. ही त्याची स्वतःची समजूत असते. औषधांचा निर्णय डॉक्टरांचा, सदस्यांनी डॉक्टर होऊ नये, हीच एएची भूमिका आहे. पण हे पेशंटला तुमच्या तोंडून, डिस्चार्जच्या दिवशी, आधीच ऐकायला मिळालं पाहिजे. फिटची किंवा नैराश्याची गोळी अचानक थांबली तर काय होतं, ते त्याला साध्या शब्दांत सांगा.

राहिली जागेची गोष्ट. एएचे सदस्य रुग्णालयात येऊन मीटिंग घ्यायला सहसा तयार असतात, फक्त बोलावणं तुमच्याकडून जावं लागतं. आठवड्यातून एक ठरलेला तास, वीस खुर्च्यांची खोली, पंखा, आणि संध्याकाळी उघडं राहणारं एक दार, एवढंच लागतं. दाखल असतानाच दोनदा मीटिंगला बसलेला पेशंट बाहेर पडताना अनोळखी लोकांकडे जात नाही, ओळखीच्यांकडे जातो. खोली फुकट द्यायची तुमची इच्छा असेल. पण ग्रुप बाहेरून मदत घेत नाही, आपला खर्च आपणच करतो. म्हणून ते महिन्याला काही रक्कम देऊ करतील. ती नाकारू नका. रुग्ण कल्याण समितीच्या खात्यात भरून पावती द्या. पावतीवर सदस्यांची नावं नकोत, ग्रुपचं नाव पुरे. उपस्थितीचा रजिस्टर ठेवू नका, सीसीटीव्ही खोलीच्या दाराकडे वळवू नका, आणि उद्घाटनाचा फोटो तर काढूच नका. दार उघडायची जबाबदारी एका वॉर्डबॉयवर नाव लिहून सोपवा, आणि तो रजेवर असेल तेव्हा किल्ली कोणाकडे, हेही त्याच आदेशात लिहा.

कळावे,

व्यसनमुक्तीच्या कामातले कार्यकर्ते